पार्टिशन नाहीसे झाले तरी माहिती वाचू शकते; मोफत 'टेस्टडिस्क'चा आधार

लखनौ : बाह्य हार्ड डिस्क संगणकाला जोडली, पण कालपर्यंत दिसणारा विभाग आज दिसत नाही; उलट 'वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा' अशी सूचना पडद्यावर येते. घाबरून अनेकजण होकार देतात. वास्तविक, त्या क्षणापर्यंत माहिती बहुधा जागेवरच असते; खरे नुकसान त्यानंतरच्या घाईमुळे होते.

लखनौ येथे १९२६ मध्ये पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे भातखंडे संस्कृती विद्यापीठ. संगीताची अशी परंपरा असलेल्या शहरात तालमींची आणि मैफलींची ध्वनिमुद्रणे आता डिस्कवरच साठवली जातात. त्यांची दुसरी प्रत नसेल, तर एका चुकीच्या होकाराची किंमत मोठी ठरते. झालेली मैफल पुन्हा होत नाही.

तलाठ्याच्या दप्तरातील नोंद गहाळ झाली म्हणून शेत नाहीसे होत नाही. पार्टिशनचेही तसेच आहे. जुन्या 'एमबीआर' पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये केवळ ६४ बाइटचा तक्ता असतो. प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदींत विभागांची सुरुवात व लांबी लिहिलेली असते. नवी कार्यप्रणाली बसवताना झालेली चूक किंवा लिहिण्याच्या वेळी खंडित झालेली वीज हा तक्ता बिघडवू शकते. नव्या 'जीपीटी' पद्धतीत तक्त्याची प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

फ्रान्सचे ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी विकसित केलेली 'टेस्टडिस्क' ही मुक्त स्रोत आज्ञावली नेमकी ही हरवलेली नोंद शोधते. विंडोज, लिनक्स आणि मॅकवर ती विनामूल्य चालते. डिस्क व तक्त्याचा प्रकार निवडून 'ॲनालाइज' आणि मग 'क्विक सर्च' दिल्यास विभागांच्या आरंभीच्या खुणा ओळखून ती यादी दाखवते. विभाग न सापडल्यास 'डीपर सर्च' वापरावा. त्यास बराच वेळ लागू शकतो. सापडलेल्या विभागातील फाइली 'पी' ही कळ दाबून पाहता येतात. त्या ओळखीच्या असतील, तर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्यानंतरच 'राइट' हा पर्याय निवडून तक्ता पुन्हा लिहावा.

फाइल प्रणालीच बिघडली असल्यास 'टेस्टडिस्क'सोबत मिळणारी 'फोटोरेक' उपयोगी पडते. छायाचित्रे, ध्वनिफिती यांच्या विशिष्ट खुणांवरून ती फाइली वेगळ्या काढते. मात्र मूळ नावे आणि फोल्डरांची रचना सहसा परत मिळत नाही.

या उपायांना मर्यादा आहेत. जुन्या माहितीच्या जागेवर नवी माहिती लिहिली गेली, तर ती परत येत नाही. एसएसडीमध्ये 'ट्रिम' सुविधेमुळे पुसलेला मजकूर लवकरच कायमचा जाऊ शकतो. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर बिघाड यांत्रिक आहे असे समजून ती तत्काळ बंद करावी आणि तज्ज्ञाकडे न्यावी. तेथे कोणतीही आज्ञावली चालवणे हानिकारक ठरते.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा : वापर थांबवावा, फॉरमॅट नाकारावे, शक्य असल्यास संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसरीकडे घ्यावी आणि शोध त्या प्रतिमेवर करावा. परत मिळालेली माहिती त्याच डिस्कवर कधीही साठवू नये.