दाढ ठणकली? बोटीवर लवंग ठेवा

मंडळी, सुरतेचं लवंगेशी नातं जुनं. सतराव्या शतकात डच व्यापारी मोलुक्का बेटांवरची लवंग इथल्या वखारीत विकायचे आणि गुजरातचं कापड न्यायचे. आपलं काम साधं. बोट आठ-दहा दिवस दर्यात, दाढ ठणकली तर डॉक्टर कुठून आणणार? लवंग दाढेखाली हळू चावून धरा. तिच्यातलं युजेनॉल जागा बधिर करतं. मत्स्यशेतीत मासे हाताळताना गुंगवतात तेही याच तेलानं! पण कीड जात नाही, ठणका फक्त दबतो. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर तांडेलानं बोट सरळ बंदराकडे वळवावी, डिझेलचा हिशोब नंतर. बाटलीतलं लवंग तेल गिळू नका, लिव्हरला धोका असतो. पोरांच्या हाती तर देऊच नका.