काळ्या मातीचे बारसे

एप्रिल महिन्यात पैठण किंवा गंगापूर तालुक्यातील एखाद्या भारी जमिनीच्या शेतात जाऊन पाहा. पीक निघालेले असते, रान उघडे पडलेले असते आणि जिकडेतिकडे भेगांचे जाळे पसरलेले दिसते. शाळेतली फूटपट्टी भेगेत सोडली तर ती सहज आत जाते. काही ठिकाणी हातभर काठीही तळाला टेकत नाही. तेच शेत ऑगस्टमध्ये पाहिले तर भेग शोधूनही सापडायची नाही. पायाला चिकटून चपलेचे वजन दुप्पट करणारा चिखल मात्र भरपूर सापडेल!

मित्रहो, ही भेग वर्षातून किती दिवस उघडी राहते यावर या मातीचे शास्त्रीय नाव ठरते, असे सांगितले तर खरे वाटेल का? नाव ठेवायचे तर मातीची तपासणी करावी, हे कोणालाही पटेल. पण पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदी कशाला हव्यात?

नावे ठेवण्याचे काम आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच केले आहे. बरड, मुरमाड, हलकी, मध्यम, भारी, चोपण अशी कितीतरी नावे तुम्ही घरी ऐकली असतील. शेताची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’, हा भेद तर मराठी भाषेत मुरलेलाच आहे. इंग्रजी अमदानीत शेतसारा ठरवण्यासाठी जमिनीची प्रतवारी झाली. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी सुरू केलेली मोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली आणि निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यातही मोजणी त्याच धर्तीवर झाली. त्या पद्धतीत जमिनीची किंमत आण्यांत सांगत. उत्तम काळी, पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे. तीच पाव हात खोल असली तर साडेचार आणे! चुनखडी, उतार, वाळूचे मिश्रण असा एकेक दोष दिसला की एकेक प्रत उतरायची. हातात कुदळ आणि मोजायची काठी एवढ्याच साधनांवर केलेले हे काम आजही नवल वाटावे असे आहे. पण त्यात हवामानाला जागा नव्हती. माती जणू एका ठिकाणी स्वस्थ बसलेली वस्तू आहे, असे धरलेले होते.

काळी माती तर मुळीच स्वस्थ बसत नाही. ज्या काळ्या खडकात वेरूळचे कैलास लेणे कोरले, त्याच बेसाल्ट खडकाची ही लेक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. तो खडक झिजून जी माती बनते तिच्यात स्मेक्टाइट जातीची चिकणखनिजे विपुल असतात. या खनिजाचे कण वहीच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की ते पानापानांत शिरते आणि वही फुगते. पाणी गेले की वही मिटते. अशा अब्जावधी वह्या एकदम मिटल्या म्हणजे शेताला भेग पडते.

रंगाविषयी एक गैरसमज येथेच दूर करू. माती काळी म्हणजे तिच्यात कुजलेला पालापाचोळा फार, असे अनेकांना वाटते. रशियातील प्रसिद्ध काळ्या मातीबाबत ते खरे आहे. आपल्या काळ्या मातीत मात्र सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. तेव्हा रंग पाहून गुण ठरवू नये.

आता सर्वेक्षण कसे करतात ते पाहू. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला डोंगररांगा, दक्षिणेला गोदावरी. मातीचा सर्वेक्षक गावाचा नकाशा, उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा आणि उपग्रहाने टिपलेली चित्रे घेऊन माथ्यापासून नदीपर्यंत आडवा चालत जातो. माथ्यावर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम. उतारावर हात-दीड हात मध्यम जमीन. नदीच्या बाजूला दीड-दोन मीटर खोल भारी जमीन. खडक तोच, पाऊसही जवळजवळ तेवढाच. पण पाण्याने बारीक माती खाली नेऊन ठेवली.

प्रत्येक टप्प्यावर एक खोल खड्डा खणतात. त्याच्या एका भिंतीकडे तोंड करून सर्वेक्षक बसतो आणि थर वाचू लागतो. ओल्या ढेकळाचा रंग छापील रंगतक्त्याशी ताडून पाहतो. चिमूटभर माती भिजवून बोटांत तिची पट्टी ओढतो. पट्टी लांब निघाली की चिकणमाती जास्त. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकतो. बुडबुडे आले की चुना आहे. भारी जमिनीत अर्धा-एक मीटर खाली गेले की तो सुरीने ढेकूळ हळूच उकलतो. आतून तिरका, चकचकीत, ओरखडे उमटलेला पृष्ठभाग दिसला की त्याला हवी ती खूण मिळाली! पावसाळ्यात खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, मग मातीची शकले एकमेकांवर तिरपी घसरतात आणि घासून गुळगुळीत होतात. काळ्या रानात विजेचे खांब कलतात, भिंतींना तडे जातात, ते याच ढकलाढकलीमुळे.

जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन वर्गीकरणात अशा मातीला ‘वर्टिसॉल’ म्हणतात. लॅटिनमधील ‘फिरणे, उलटणे’ या अर्थाच्या शब्दापासून ते नाव आले. त्यासाठी ती घसरणीची खूण हवी, वरच्या अर्ध्या मीटरपर्यंत चिकणमाती निदान ३० टक्के हवी आणि भेगा पडून पुन्हा मिटणाऱ्या हव्यात. आपल्या भारी जमिनीत चिकणमाती अनेकदा ५० टक्क्यांच्या वर असते.

येथवर नावाचा अर्धा भाग झाला. पुढच्या अर्ध्यासाठी चिकलठाण्याच्या वेधशाळेसारख्या ठिकाणच्या नोंदी काढाव्या लागतात. या भागात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग जून ते सप्टेंबरमध्येच येतो. मातीतील पाण्याचा हिशेब बँकेच्या पासबुकासारखा मांडतात. पाऊस ही जमा. बाष्पीभवन आणि पिकांनी घेतलेले पाणी हा खर्च. एक मीटर खोल भारी जमिनीच्या खात्यात पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी शिल्लक राहू शकते. वीतभर मुरमाड जमिनीत त्याच्या पाचव्या हिश्शाइतकेही मावत नाही. म्हणून तर भारी रानात दिवाळीच्या सुमारास पाऊस थांबल्यावरही रब्बीची ज्वारी उभी राहते. मे महिन्यात हवेची तहान २०० मिलिमीटरहून अधिक असते आणि जमा जवळजवळ काहीच नसते. खाते रिकामे झाले की भेगा उघडतात.

पाच मिलिमीटर किंवा अधिक रुंदीच्या भेगा वर्षातून एकूण ९० दिवस किंवा जास्त उघड्या राहिल्या, तर आपल्याकडील वर्टिसॉल ‘उस्टर्ट’ या गटात जाते. ‘उस्टस’ म्हणजे लॅटिनमध्ये भाजलेला. मराठवाड्याचा मे महिना सोसलेल्यांना हे नाव पटावे! पुढे, क्षार किंवा उथळ खडक असा दुसरा विशेष नसेल तर, १५० दिवसांहून कमी उघडी ती ‘उडिक’, २१० दिवस किंवा अधिक उघडी ती ‘ॲरिडिक’ आणि मधली ती ‘टिपिक’. समजा, एका शेतात डिसेंबरच्या मध्याला भेगा उघडल्या आणि जूनच्या मध्याला मिटल्या. सुमारे १८० दिवस झाले. त्या मातीचे नाव ‘टिपिक हॅप्लस्टर्ट’.

जुन्या पुस्तकांत हिलाच ‘क्रोमस्टर्ट’ म्हटलेले आढळेल. १९७५ च्या वर्गीकरणात येथे रंगावरून भेद केला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो काढून टाकला. भेगांचे दिवस मात्र राहिले. ते मोजायचे तेही सर्वसाधारण पावसाच्या वर्षी. त्यासाठी ३० किंवा अधिक वर्षांची सरासरी काढतात, म्हणजे १९७२ सारख्या दुष्काळी वर्षाने नाव बदलत नाही.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ मध्ये स्थापन झाला. तेथील डी. के. पाल, टी. भट्टाचार्य आदी शास्त्रज्ञांनी विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनी अभ्यासल्या. (ही तापीला मिळणारी पूर्णा, अजिंठ्याच्या रांगेत उगम पावून गोदावरीला मिळणारी आपली पूर्णा नव्हे.) हवामान जितके कोरडे, तितका मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने जास्त बाहेर पडतो आणि चिकणकणांवर सोडियमचा वाटा वाढतो. मग कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरेनासे होते. परदेशी पुस्तकांत सोडियमची धोक्याची मर्यादा १५ टक्के दिलेली असते; या जमिनींत त्याच्या पुष्कळ खालीच पाणी मुरणे मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणजे ओलिताशिवायही जमीन चोपण होऊ शकते. मग कालव्याचे पाणी अशा रानात मोकाट सोडले तर काय होईल? जमिनीचे पूर्ण नाव ठाऊक असेल तर पाणी किती द्यायचे आणि निचऱ्याचे चर आधी खणायचे की नाही, हे वेळेवर ठरवता येते.

एक अडचण उरतेच. सर्वेक्षक शेतात एक-दोन दिवस येतो. भेगेपाशी वर्षभर बसत नाही. त्यामुळे भेगांचे दिवस बहुधा पासबुकाच्या हिशेबावरून अनुमानाने ठरवतात. प्रत्यक्ष नोंद फार थोड्या ठिकाणी होते. ती तुम्ही करू शकता. बांधालगतची, नांगर-वखर न लागणारी जागा निवडा, कारण वखराची पाळी दिली की वरची भेग बुजते. चार खुंट्या रोवून एक मीटर लांबी-रुंदीचा चौरस आखा. दर रविवारी सर्वांत रुंद भेगेची रुंदी मोजा आणि पातळ सळई सोडून खोली पाहा.

जोडीला हा प्रयोग करा. त्या मातीचा घट्ट लगदा करून १० सेंटिमीटर लांबीची कांडी वळा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. ती ८.५ सेंटिमीटर भरली, तर १० ला ८.५ ने भागून एक वजा करा, सुमारे ०.१८ येईल. माथ्यावरच्या मुरमाड मातीच्या कांडीशी हा आकडा ताडून पाहा. मुरमाड मातीची कांडी मुळात वळतच नाही, असाही अनुभव येईल. तोही वहीत लिहावा.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की लगेच भेग मिटेल असे समजू नका. सुरुवातीचे पाणी भेगेतून सरळ खाली जाते आणि माती तळाकडून फुगू लागते. म्हणून शाळेच्या पर्जन्यमापकातील रोजचा आकडा भेगेच्या रुंदीशेजारी लिहीत जा आणि रुंदी पाच मिलिमीटरच्या खाली आली त्या तारखेवर लाल खूण करा.