विश्लेषण : पुनर्विकासात घराबाहेर पडलेले लोखंडी कपाट भंगारात की वर्कशॉपमध्ये?

ठाण्यातील नौपाडा, किसननगर असो वा डोंबिवली पूर्वेतील जुन्या तीन-चार मजली इमारती, पुनर्विकासासाठी घर रिकामे करताना सर्वांत शेवटी हलते ते लोखंडी कपाट. भाड्याच्या घरात त्याला जागा नसते, नव्या घरात भिंतीतले वॉर्डरोब येतात. मग भंगारवाला ते किलोच्या भावाने उचलतो. हेच कपाट वागळे इस्टेटमधील गाळ्यात, दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये किंवा सुताराच्या वर्कशॉपमध्ये आणखी अनेक वर्षे काम देऊ शकते. मात्र कपड्यांसाठी बनलेल्या कपाटात हत्यारे भरण्यापूर्वी वजन, रंग आणि जागा या तीन गोष्टी तपासणे गरजेचे आहे.

भंगाराचा भाव किती, उपयोग किती?

गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवण्यास सुरुवात केली. पुढे स्थानिक कारखान्यांनीही तशीच कपाटे बनवली, तरी बोलण्यात लोखंडी कपाट म्हणजे ‘गोदरेजचे कपाट’ हेच रूढ झाले. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटांहून थोडे जास्त खोल, हे त्याचे नेहमीचे माप. चार खण, लॉकर आणि दुमडलेल्या कडा धरल्या तर त्यात साधारण १० चौरस मीटर पत्रा लागतो. पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा धरला, तर वजन ६० किलोच्या आसपास भरते. भंगारात किलोला ३० रुपये मिळाले असे मानले, तरी हाती १,८०० रुपये येतात. तेवढ्यात हत्यारांसाठी कुलूप लागणारे नवे कपाट मिळणे कठीण. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने एका कपाटामागे सुमारे १५० किलो. भंगारातले पोलाद वितळवून पुन्हा वापरले जाते हे खरे, पण त्यालाही भट्टीची ऊर्जा लागते.

खण किती वजन पेलतो?

खरी अडचण इथे आहे. कपड्यांनी भरलेल्या खणावर १०-१५ किलो भार असतो आणि तो सगळीकडे सारखा पसरतो. नट-बोल्टने भरलेला एक लिटरचा डबा मात्र चार किलोंच्या पुढे जातो. असे दहा डबे ओळीने ठेवले की ४० किलो झाले. तीन फूट लांबीचा पातळ पत्रा त्याखाली मधोमध वाकतो आणि बाजूच्या खाचांतून निसटू शकतो. उपाय सोपा आहे. खणाच्या पुढच्या आणि मागच्या कडेखाली लोखंडी अँगल बोल्टने बसवावा आणि वर १२ मिलिमीटरचे प्लायवूड टाकावे. ग्राइंडर, जॅक, बेंचवाइस यांसारख्या जड वस्तू सर्वांत खालीच ठेवाव्यात.

कपाट पुढे कलंडू शकते का?

हो, आणि दारे उघडी असताना ही शक्यता वाढते. ६० किलोच्या रिकाम्या कपाटात दोन्ही दारांचे वजन १४ किलो धरले आणि जमीन सपाट आहे असे मानले, तर ढोबळ गणित असे येते. दारे बंद असताना पाच फूट उंचीवर पुढे ओढून कपाट कलंडवण्यास साधारण सात-आठ किलोचा जोर लागतो. दारे पूर्ण उघडली की पाच किलोचा जोर पुरतो. दारांच्या आतून पाने, पक्कडी, हातोड्या अशी १० किलोंची हत्यारे टांगली, तर चार किलोही पुरे. उलट खालच्या दोन खणांत १०० किलो सामान ठेवले, तर हाच आकडा २० किलोंच्या वर जातो. म्हणून दोन नियम पाळावेत. वजन खाली ठेवावे आणि वरचे दोन्ही कोपरे ‘एल’ अँगलने भिंतीला पक्के करावेत. नव्या इमारतींत अनेकदा हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधा प्लग सैल होतो, तेव्हा अशा ब्लॉकसाठी मिळणारे अँकरच वापरावेत. घरात किंवा गाळ्यात लहान मुलांचा वावर असेल, तर कपाट भिंतीला बांधल्याशिवाय वापरूच नये. शिवाय आत लपून बसलेल्या मुलावर दार बंद होऊ नये, यासाठी कपाट कुलूपबंद ठेवावे.

जुना रंग घासावा का?

गंज आणि पोपडे काढावे लागतात, पण कोरडे घासू नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम केंद्राने २०१६ मध्ये आणले. ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या कपाटांच्या रंगात शिसे असू शकते. ग्राइंडरने घासल्यास ते धुळीसोबत श्वासात जाते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा सर्वाधिक धोका असतो. त्यामुळे वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, चांगला मास्क लावावा आणि चिखल झाडून न टाकता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. मुले आणि गरोदर महिलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. रंग शाबूत असेल, तर त्याला हात न लावणे उत्तम. जिथे पत्रा उघडा पडला असेल, तिथे रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर एनॅमल रंग पुरेसा होतो. रंग असलेल्या जागी वेल्डिंग करू नये. तापलेल्या रंगाचा धूरही तितकाच घातक असतो.

पावसाळ्यात हत्यारे गंजतील का?

उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या भागांना पुराचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या पावसात कल्याण परिसरात पाणी शिरले होते. तळमजल्यावरील गाळ्यात कपाटाखाली विटा न लावता लोखंडी अँगलची चौकट करावी. विटा ओल धरून ठेवतात आणि सरकतातही. मागच्या पत्र्याला वर आणि खाली चार-पाच छिद्रे पाडली की हवा खेळती राहते. हत्यारांवर तेलाचा हात फिरवावा.

कपाट ठेवायचे कुठे?

आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हणजे बहुतेकदा इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते गॅरेज नाही. ‘रेरा’ कायद्यातील व्याख्येनुसार गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती लागतात. सर्वोच्च न्यायालयाने दहिसरमधील पांचाली सोसायटीच्या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की, स्टिल्ट पार्किंग हे गॅरेज नसून सोसायटीच्या सामाईक जागेचा भाग आहे आणि बिल्डर ते स्वतंत्रपणे विकू शकत नाही. त्यामुळे मिळालेल्या पार्किंगमध्ये परस्पर कपाट ठेवता येत नाही. त्यासाठी सोसायटीची परवानगी हवी. जिना, लॉबी, मीटर रूमचे दार आणि गच्चीचा मार्ग या ठिकाणी परवानगी मागण्याचाही प्रश्न नाही. आग लागल्यावर धुरात लोक याच वाटेने उतरतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार आगीसंबंधीची व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. सोसायटीने त्याच वेळी मार्गातील अडगळही हटवून घ्यावी.

काय ठेवू नये?

पेट्रोल, थिनर आणि टर्पेंटाइन ठेवू नये. लोखंडी आहे म्हणून कपाट आगीपासून वाचवते, हा गैरसमज आहे. थिनरची वाफ बंद कपाटात साठते आणि दार उघडताना ठिणगी मिळाली की भडका उडू शकतो. तेलाचे बोळे गोळा करून आत कोंबू नयेत. जवसाचे तेल किंवा वॉर्निश लागलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात आणि मगच टाकाव्यात.