गॅस हीटरची ज्योत पिवळी का होते?

थंडी पडली की हॉटेलांच्या अंगणात उंच, छत्रीसारखे गॅस हीटर बाहेर निघतात. पण बरेच महिने पडून राहिलेल्या हीटरच्या बर्नरनळीत कोळी जाळी विणतात, धूळ साचते. मग हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि निळी ज्योत पिवळी होते. त्यातून काजळी धरते आणि वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

म्हणून सिलिंडर बंद करून, थंड हीटरची जाळी व नळी मऊ ब्रशने साफ करावी. जेटमध्ये तार घालू नये. छिद्र मोठे होते. नंतर सिलिंडर उघडून जोडांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती समजावी. काडी पेटवून तपासणे जिवावर बेतू शकते. हीटर बंदिस्त मांडवात कधीच पेटवू नये.