मज्जातंतू आणि स्नायू यांची विद्युत तपासणी : एक ओळख

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडणारी एक तक्रार म्हणजे हातापायांना येणाऱ्या मुंग्या. ही तक्रार सांगताना रुग्ण बहुधा संकोचतो, कारण मुंग्या येणे हा काही आजार आहे असे त्याला स्वतःलाच वाटत नसते. ताप नाही, जखम नाही, सूज नाही. मग डॉक्टरांना दाखवायचे तरी काय? या संकोचापायी किती काळ वाया जातो आणि त्याची किंमत काय मोजावी लागते, हे एका रुग्णभगिनीच्या अनुभवावरून आम्हांस तीव्रतेने जाणवले. प्रस्तुत लेख लिहिण्याचे निमित्तही तेच.

या भगिनी तोंडवलीच्या. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या भूपट्टीवरील या गावात रापणीची मासळी निवडणे, फाटलेली जाळी विणणे, सुंभ वळणे, नारळ सोलणे ही कामे वर्षानुवर्षे चालत आलेली. सारीच कामे मनगटाची. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत, झोप मोडे, हात खाटेखाली सोडून झटकला की बरे वाटे. कोणी वात सांगितला, कोणी शीर चढली म्हणून तेलाने चोळून दिले. मधल्या काळात त्या एकदा आपल्या रुग्णालयातही येऊन गेल्या होत्या. वेदनाशामक गोळ्या आणि जीवनसत्त्वे देऊन त्यांना परत पाठविण्यात आले, पुढील तपासणीचा आग्रह धरला गेला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. ‘गणपती होऊ देत, मग बघू’, ‘हंगाम संपू दे, मग बघू’ असे करता करता तीन वर्षे गेली. त्या पुन्हा आल्या तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असणारा मांसल उंचवटा पार बसून गेला होता. चोळीचे हूक लावता येईनात, जाळ्याची सुई बोटांतून निसटू लागली, म्हणून त्या आल्या. विद्युत तपासणीचे नाव काढताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “डॉक्टरानू, माका शॉक देतलात?”

हा प्रश्न बहुतेक सर्वच रुग्णांच्या मनात असतो. त्याचे उत्तर नीट द्यावयाचे तर मज्जातंतू म्हणजे काय येथूनच सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे ज्याला बोलीत ‘शीर’ म्हणतात त्यात रक्तवाहिनी, स्नायुबंध आणि मज्जातंतू या तिन्ही गोष्टींची गल्लत होते. मज्जातंतू ही रक्त वाहून नेणारी नळी नव्हे. सुंभ जसे काथ्याच्या असंख्य धाग्यांचे वळलेले असते, तसा मज्जातंतू हजारो सूक्ष्म तंतूंचा जुडगा असतो. काही तंतू मेंदूकडून व मज्जारज्जूकडून स्नायूंना आज्ञा पोहोचवितात, तर काही त्वचेवरील स्पर्श, उष्णता, वेदना यांची वार्ता उलट दिशेने नेतात. हा सर्व व्यवहार सूक्ष्म विद्युतलहरींच्या द्वारे चालतो. मोठ्या तंतूंवर स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते व त्यामुळे लहर वेगाने धावते. निरोगी माणसाच्या हातातील मज्जातंतूत हा वेग सेकंदाला 50 ते 60 मीटर, म्हणजे ताशी 180 किलोमीटर वा त्याहूनही अधिक असतो. कोकण रेल्वेवर धावणाऱ्या कोणत्याही गाडीहून जास्त.

हा वेग मोजता येईल असे एकेकाळी विद्वानांनाही वाटत नव्हते. योहानेस म्युलर या थोर जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी ते अशक्यप्राय मानले होते. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी 1850 च्या सुमारास बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजून दाखविला. आजची तपासणी तत्त्वतः त्याच प्रयोगाची सुधारलेली आवृत्ती आहे.

तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्या भागास रुग्णांच्या बोलण्यात ‘एन.सी.व्ही.’ किंवा ‘नर्व्ह कंडक्शन’ म्हणतात. त्वचेवर लहान चकत्या चिकटवून मज्जातंतूच्या मार्गावर अल्पसा विद्युतझटका दिला जातो. त्याचा कालावधी सेकंदाच्या काही हजारांश भागाहूनही कमी, बहुधा दशसहस्रांश भागाइतका असतो. बोट किंवा हात आपोआप उडतो, क्षणभर टोचल्यासारखे वाटते, परंतु त्यापासून इजा होत नाही. झटका दिल्यापासून स्नायूचा प्रतिसाद येईपर्यंत किती वेळ लागला आणि तो प्रतिसाद किती मोठा होता, या दोन गोष्टी यंत्र नोंदविते. सारे मर्म या दोन आकड्यांत आहे. वेळ लांबला परंतु प्रतिसाद पुरेसा मोठा राहिला, तर तंतू शाबूत असून केवळ त्यांचे वेष्टन बिघडले आहे असा अर्थ बहुधा निघतो, आणि वेष्टन पुन्हा तयार होऊ शकते. प्रतिसादच खुजा झाला असेल, तर तंतू मुळातच नष्ट होऊ लागले आहेत, अशी शंका घ्यावी लागते. पहिल्या प्रकारात आठवड्यांची वा महिन्यांची वाट पाहावी लागते. दुसऱ्या प्रकारात तंतू पुन्हा वाढावे लागतात आणि त्यांची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर इतकीच असते. कोपरापाशी तुटलेला तंतू हाताच्या पंजापर्यंत पोहोचायला वर्ष लागू शकते. तोवर स्नायू तग धरून राहिला पाहिजे. दीड ते दोन वर्षे मज्जातंतूवाचून राहिलेला स्नायू पुढे सहसा उभारी धरत नाही. या तपासणीची निकड आम्ही वारंवार सांगतो ती याच हिशेबापोटी.

दुसरा भाग म्हणजे ‘ई.एम.जी.’, अर्थात स्नायूचा विद्युत आलेख. यात केसासारखी बारीक सुई स्नायूत घालतात. सुईतून औषध दिले जात नाही आणि वीजही सोडली जात नाही; ती फक्त स्नायूतील विजेचा कानोसा घेते. 1929 साली एड्रियन आणि ब्रॉन्क या संशोधकांनी अशी सुई प्रथम वापरली, तेव्हापासून हे संकेत ध्वनिवर्धकावर ऐकण्याचीही प्रथा आहे. निरोगी स्नायू विश्रांतीत असताना मूक असतो. ज्याचा मज्जातंतू तुटला आहे तो स्नायू मात्र विश्रांतीतही बारीक टपटप आवाज करीत राहतो. या शास्त्रातील जाणकार त्याला पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाची उपमा देतात. आपल्या भागात ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. हे ध्यानात ठेवावे की, ही टपटप मज्जातंतू दुखावल्यापासून दोन ते तीन आठवड्यांनी उमटते. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी सुईची तपासणी करून ‘सर्व ठीक’ असा निष्कर्ष काढणे त्यामुळे फसवे ठरू शकते.

विद्युतशक्ती आणि स्नायू यांचे नाते मच्छीमार बांधवांना अगदीच अपरिचित नसावे. जाळ्यात क्वचित सापडणारा आणि हात लावताच झिणझिण्या आणणारा चपटा मासा आपल्या समुद्रात आहे. त्याच्या अंगातील वीज निर्माण करणारा अवयव हा मुळात स्नायूचेच रूपांतर होय. अशाच प्रकारे वीज निर्माण करणाऱ्या दक्षिण अमेरिकेतील ईल माशाच्या अवयवातून काढलेले प्रथिन सशांना टोचल्यावर ससे दुर्बळ झाले, असे पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांना 1973 साली आढळले. पापण्या मिटणे, बोलता बोलता आवाज क्षीण होणे, संध्याकाळपर्यंत शक्ती ओसरणे अशी लक्षणे असणाऱ्या ‘मायस्थेनिया’ या विकाराचे कोडे त्यातून उलगडले. या विकारात मज्जातंतू व स्नायू दोन्ही ठीक असून त्यांच्यामधला सांधा बिघडलेला असतो. सेकंदाला तीन या गतीने लागोपाठ झटके दिले की स्नायूचा प्रतिसाद प्रत्येक वेळी घटत जातो आणि निदानाला पुष्टी मिळते. मण्यार सर्पाचे विष याच सांध्यावर घाला घालते. मात्र सर्पदंशात कोणत्याही तपासणीची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

या तपासणीची महती अलीकडे संपूर्ण महाराष्ट्राला कळली ती 2025 च्या जानेवारीत. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात पायांना मुंग्या येऊन अशक्तपणा वर वर चढत गेलेले रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. ‘गियाँ-बारे’ या आजाराच्या त्या उद्रेकात रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली, बहुसंख्य बरे झाले, परंतु काहींना प्राणास मुकावे लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जंतू सापडला. अशा जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवरच उलटते. निदानास पाठीतील पाण्याच्या तपासणीबरोबर मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीचाही आधार घेतला जातो. आघात वेष्टनावर झाला की तंतूवर, हेही तीच सांगते. मात्र पहिल्या आठवड्यात ती निर्दोष येऊ शकते व काही दिवसांनी पुन्हा करावी लागते. एक गमतीची गोष्ट अशी की, 1916 साली या आजाराचे वर्णन गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघा फ्रेंच डॉक्टरांनी मिळून केले होते. त्यातील विद्युत नोंदी स्ट्रोल यांच्या होत्या. आजाराच्या नावातून नेमके तेच वगळले गेले!

अशा दुर्मीळ आजारांपेक्षा आपल्याकडे नित्य आढळणारी कारणे साधी आहेत. मधुमेह हे त्यांतील एक. मधुमेहात पायाच्या तळव्यांपासून बधिरता सुरू होते आणि वाळूत रुतलेला शिंपला टोचल्याचेही कळेनासे होते. कुष्ठरोगाचाही विसर पडू देऊ नये. राष्ट्रीय पातळीवर 2005 च्या अखेरीस त्याचे निर्मूलन साधल्याचे जाहीर झाले असले, तरी याचा अर्थ रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले एवढाच. रोग संपला असा नव्हे. कोपराच्या आतील बाजूचा मज्जातंतू जाड लागत असेल व करंगळी बधिर होत असेल, तर लाज न बाळगता दाखवावे. औषधे मोफत मिळतात आणि वेळीच घेतल्यास हात वाकडा होत नाही.

तपासणीचे यंत्र आपल्या रुग्णालयात नाही. आमच्या रुग्णांना बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत माणूस लागतो. हा खर्च फुकट जाऊ नये यासाठी काही गोष्टी पाळाव्यात. उपाशी राहण्याची गरज नाही. त्या दिवशी हातापायांना खोबरेल तेल वा मलम लावू नये, कारण चकत्या चिकटत नाहीत. अंगठ्या, बांगड्या शक्यतो घरीच ठेवाव्यात. हृदयात पेसमेकर बसविलेला असल्यास, किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्यास तसे आधीच सांगावे. मायस्थेनियाच्या गोळ्या त्या दिवशी घ्याव्यात की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने बंद करू नयेत. हात गार पडले असतील तर ते ऊबदार होईपर्यंत थांबण्यास सांगतील, त्याला कंटाळू नये. त्वचेचे तापमान एका अंशाने उतरले तरी वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो, आणि बर्फातील मासळी हाताळून थेट आलेल्या रुग्णाचा निरोगी हातही आजारी ठरू शकतो. सर्व मिळून अर्धा ते एक तास लागतो.

तपासणी निर्दोष आली म्हणून रुग्ण सोंग करतो आहे असे घरच्यांनी समजू नये, ही विशेष विनंती. वेदना आणि उष्णता वाहून नेणारे अतिसूक्ष्म तंतू या यंत्राच्या कक्षेत येत नाहीत. मधुमेही माणसाच्या पायांची आग खरी असते, आलेख काहीही सांगो.

आता तोंडवलीच्या भगिनींकडे वळू. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून एक अरुंद वाट जाते. तीतून बोटे मिटणारे नऊ स्नायुबंध व एक मज्जातंतू दाटीने जातात. सतत मनगट वाकवून काम करणाऱ्यांमध्ये, आणि मधुमेह वा थायरॉइडचा विकार असणाऱ्यांमध्ये, तेथे हा मज्जातंतू दाबला जातो. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत लहर पोहोचण्यास एरवी सेकंदाचा सुमारे चार सहस्रांश भाग लागतो. त्यांच्या उजव्या हातात त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागला आणि प्रतिसाद नाममात्र होता. सुईच्या तपासणीत टपटप ऐकू आली. पट्टा मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली. रात्रीच्या मुंग्या थांबल्या, झोप लागू लागली. अंगठ्याचा गेलेला जोर मात्र परत आला नाही, आणि तो येणार नाही असे आम्ही त्यांना आधीच सांगितले होते.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी शिरस्त्याप्रमाणे डावा हातही पाहिला होता. त्या हाताबद्दल बाईंची काहीच तक्रार नव्हती. तेथे फक्त स्पर्शाचे तंतू मंदावले होते, स्नायू अगदी शाबूत होता. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी त्या हाताला देण्यात आली व सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्याचे ठरले. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, तेव्हापासून त्या जाळ्याची सुई डाव्या हाताने धरू लागल्या आहेत.