मोठी मोटर, जड बॅटरी आणि न उडणारे विमान

जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला पंपसेटचे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. विहिरीवर तीन एचपीच्या जागी पाच एचपीची मोटर आली आणि केबल, स्टार्टर जुनेच राहिले, तर केबल तापते, स्टार्टर जळतो आणि शेवटी मोटर रिवाइंडिंगला जाते. पण हाच मुलगा बॅटरीवर उडणारे थर्माकोलचे विमान बनवतो, तेव्हा हा धडा हमखास विसरतो. विमान ढिले उडाले की उपाय ठरलेला असतो: मोठी मोटर घ्या, मोठी बॅटरी घ्या.

पहिली गफलत होते ती मोटरवर छापलेल्या ‘केव्ही’ या आकड्याने. महावितरणच्या 33 केव्ही उपकेंद्राच्या पाटीवरचा केव्ही तो हा नव्हे. मोटरवर भार नसताना एका व्होल्टमागे तिचे मिनिटाला किती फेरे होतील, एवढेच हा आकडा सांगतो. 1000 केव्हीच्या मोटरला 11.1 व्होल्ट दिले की बिनभाराचे 11,100 फेरे. म्हणजे 2200 केव्हीची मोटर दुप्पट ताकदीची नसते. ती छोटा पंखा भरभर फिरवण्यासाठी असते. मोठा पंखा सावकाश फिरवायचा तर कमी केव्हीचीच मोटर लागते, कारण तीच दर अँपिअरमागे जास्त टॉर्क देते.

दुसरा गैरसमज महागात पडतो. तीन सेलच्या लायपो बॅटरीऐवजी चार सेलची लावली, तर व्होल्टेज 11.1 वरून 14.8 होते, म्हणजे एक तृतीयांश वाढते. मग ताकदही तेवढीच वाढेल, असे वाटते. पण पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. विहिरीवरच्या सेंट्रिफ्युगल पंपालाही हाच नियम लागू आहे. पंखा तोच ठेवला, तर हिशोबाने शक्ती जवळपास 2.4 पट आणि करंट 1.8 पट होतो. शिकाऊ मुलांच्या हाती हमखास दिसणारी 2212 आकाराची 1000 केव्हीची मोटर साधारण 12 अँपिअरपर्यंतची, तीही मिनिटभरच. तिच्यातून मग 20 अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. सोबत बहुधा 30 अँपिअरचा स्पीड कंट्रोलर असतो. तो तग धरतो आणि मोटरचे वाइंडिंग काळे पडते. चार सेल लावायचेच असतील, तर दहा इंची पंखा काढून त्याच प्रमाणातला आठ इंची लावावा. त्याचा भार जवळपास एक तृतीयांशावर येतो आणि एकूण शक्ती मोटरला झेपेल एवढी राहते.

जालना समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेच्या 40 अंशांच्या दुपारी इथली हवा, समुद्रकाठच्या 15 अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण 13 टक्के विरळ असते. अशा वेळी विमान ढिले वाटले, तर दोष मोटरचा नसून दुपारचाही असू शकतो. सकाळी सातला तेच विमान उडवून पाहावे.

बॅटरी दुप्पट केली की उड्डाणाचा वेळही दुप्पट होतो, हा समज तर जवळपास सगळ्यांचाच. 900 ग्रॅमच्या विमानातली 2200 एमएएचची बॅटरी सुमारे 180 ग्रॅम भरते. 4400 ची घातली की विमान 1080 ग्रॅमचे होते. वजन 20 टक्के वाढले, पण तरंगत राहायला लागणारी शक्ती 31 टक्क्यांनी वाढते. म्हणून 12 मिनिटांची 24 होत नाहीत, 18 होतात. शिवाय विमान ज्या वेगाखाली कोसळते, तो वेग साडेनऊ टक्क्यांनी वर जातो. उतरताना नवशिक्याचे विमान आपटते ते बहुधा इथेच. गुरुत्वमध्य पुढे-मागे सरकला, तर विमान सावरणे आणखी अवघड.

बॅटरीवरच्या ‘सी’ आकड्याचीही भीती नको. 2200 एमएएच, 25 सी म्हणजे कागदोपत्री 55 अँपिअर देण्याची क्षमता. जास्त सीची बॅटरी मोटरमध्ये करंट कोंबत नाही, मोटर आणि पंखा मागतील तेवढाच तो जातो.

खरी भीती चार्जिंगची हवी. लायपो पूर्ण रिकामी करून मग भरावी, हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा नियम. लायपोचा सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होतो आणि 4.2 च्या वर नेला तर पेट घेऊ शकतो. त्यामुळे मोटरसायकलच्या बॅटरीचा चार्जर तिला कधीही लावू नये. बॅलन्स चार्जरच हवा. काही दिवस उडवायचे नसेल, तर सेल 3.8 व्होल्टवर ठेवावेत आणि बॅटरी उन्हात उभ्या गाडीत विसरू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नसते.

वजनाला कायद्याचीही बाजू आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचे यान ‘नॅनो’ आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ गटात येते. 240 ग्रॅमच्या विमानात जड बॅटरी टाकली की गट बदलतो.

म्हणून नवी मोटर मागवण्याआधी एक काम करा. बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर यांच्यामध्ये वॉटमीटर जोडा, विमान मागून घट्ट धरायला कुणाला तरी सांगा आणि पंख्यासमोर कुणी नाही हे पाहून दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. शिकाऊ विमानाला किलोमागे 110 वॉटच्या आसपास पुरतात. तुमचे विमान तेवढे घेत असेल, तर मोटर बदलू नका, वजन उतरवा.