पाण्याला जिना उतरायला लावणारी माणसं

भर पावसात नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहा. समोर कडा कोसळलाय, खाली कोकण. तुमच्या पुढ्यात कड्याखाली पडलेला थेंब अरबी समुद्राला मिळणार. आणि पाठीमागे, जुन्नरच्या बाजूला पडलेला? तो कुकडीत जाईल, कुकडीतून घोड नदीत, तिथून भीमेत, कृष्णेत आणि शेवटी पार बंगालच्या उपसागरात. आकाशातून शेजारी शेजारी निघालेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना पोचतात!

पण आज थेंबाचा प्रवास बाजूला ठेवू. तो जमिनीवर आदळतो त्या क्षणाकडे बघू. पावसाचा टपोरा थेंब ताशी साधारण तीस किलोमीटर वेगाने येतो. उघड्या मातीवर तो आपटला की बारीकसा स्फोटच होतो. मातीचे कण फूट-दोन फूट वर उडतात, चार-पाच फूट लांब जाऊन पडतात. सपाट रानात हे कण इकडचे तिकडे होतात, फिटंफाट. उतारावर मात्र खालच्या अंगाला उडालेला कण वरच्या अंगाला उडालेल्यापेक्षा लांब जाऊन पडतो. म्हणजे पाणी वाहायला लागण्याआधीच, नुसत्या उड्या मारत, माती डोंगर उतरू लागलेली असते. आणि बोटभर जाडीची माती तयार व्हायला शतकं लागतात.

ही धूप थोपवायची कशी? आधी समुद्राकडे बघू. कोकण किनाऱ्यावर समुद्र जमीन खाऊ लागला की दोन वाटा असतात. एक, त्याला अडवा: धूपप्रतिबंधक बंधारा घाला, मुंबईत मरीन ड्राइव्हला टाकले तसे चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड टाका. दुसरी, त्याला दमवा: खारफुटी राखा, वाळूवर मर्यादवेल पसरू द्या. काय नाव आहे बघा, मर्यादवेल! वाळू धरून ठेवणाऱ्या वेलीला याहून नेमकं नाव कोण देणार? पहिल्या वाटेला कठीण उपाय म्हणतात, दुसरीला मृदू. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही, पण धूप आहे. आणि तिच्यावरच्या या दोन्ही वाटा इथल्या डोंगरांत इतक्या गुंतल्यात की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

ते समजायला एक गणित लागेल. घाबरू नका, एकच आहे. ओढ्याच्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते किती जड दगड ढकलू शकेल? दुप्पट? चौपट? उत्तर आहे चौसष्टपट! वेग दुप्पट झाला की पाण्याला चौपट जाडीचा दगड हलवता येतो. पण दगड चौपट जाड म्हणजे चौपट लांब, चौपट रुंद आणि चौपट उंच. चार गुणिले चार गुणिले चार. विल्यम हॉपकिन्स या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात हा हिशेब मांडला. ओढ्यात उन्हाळ्यात दिसलेली धोंड पावसाळ्यानंतर जागेवर नसते, ती याच गणितामुळे.

आता हेच उलटं करा. पाण्याचा वेग निम्मा केला, तर त्याची ताकद चौसष्टाव्या हिश्शावर येते. म्हणजे पाणी थांबवायची गरजच नाही. ते जरासं रेंगाळलं तरी पुष्कळ झालं.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी शेतकऱ्यांना हॉपकिन्स ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्याकडे पडकई होती. डोंगरउतारावर भाताची खाचरं काढायची म्हणजे वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला भरायची आणि दर्शनी बाजूला दगडांचा बांध रचायचा. एका घराच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून आज सगळे मिळून माझ्या शेतावर, उद्या तुझ्या. या अंगमेहनतीच्या देवाणघेवाणीचं नाव पडकई. तिने घसरगुंडीचा जिना केला. घसरगुंडीवर पाणी वेग घेत सुटतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते टेकतं, मुरतं, आणि गाळ तिथेच ठेवून पुढच्या पायरीवर उतरतं. महात्मा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवण्याचा आग्रह धरला होता, तो याच जातीचा. आंबेगावातल्या डिंभे धरणाने विस्थापित झालेल्यांसोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने पडकईला रोजगार हमीच्या कामात जागा मिळावी म्हणून खटपट केली. २०१२ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

त्या बांधाकडे जरा निरखून बघा. सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर दगड. फटीफटींतून पाणी झिरपतंय. कच्चं काम? नाही, हीच तर करामत! भिंतीमागे पाणी तुंबलं की दर मीटर उंचीला दर चौरस मीटरवर एक टन दाब वाढतो. दोन मीटर पाणी तुंबलं तर तळाशी दोन टन. चिरेबंदी भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत, तर मातीपेक्षा पाणीच तिला ढकलून पाडतं. गळका बांध टिकतो. तारेच्या जाळीत दगड भरलेल्या गॅबियन बंधाऱ्याचंही मर्म हेच. समुद्राच्या सरळसोट भिंतीवर आपटलेली लाट मागे वळताना पायथ्याची वाळू ओढून नेते. टेट्रापॉडच्या ढिगात ती पोकळ्यांमधून घुसते आणि तिथेच तिची रग जिरते. काँक्रीट खरं, पण काम अंगात पाणी घेण्याचं.

आणि मुळं? वाळ्याचंच घ्या. उन्हाळ्यात माठात टाकतो तो सुगंधी वाळा. अनुकूल जमिनीत त्याची मुळं तीन-चार मीटर सरळ खाली जातात. सुतासारखी बारीक, पण ओढून तोडायला गेलं तर तेवढ्याच जाडीच्या साध्या पोलादी तारेच्या साधारण एक षष्ठांश ताण सोसतात. गवताचं मूळ आणि पोलाद एकाच वाक्यात येतात, हे मला अजून पचत नाही! बांधावर वाळ्याची दाट ओळ लावली की गाळ तिच्या पाठीशी साचतो आणि बांध दरवर्षी आपोआप उंच होतो. स्वतः वाढणारी भिंत कुठल्या कंत्राटदाराकडे मिळेल?

पण मुळांच्याही आवाक्याला सीमा आहे. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. तिथे गेलेली माती कणाकणाने गेली नव्हती; अख्खा उतार सुटला होता. ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, कारण कणांमधली ओल त्यांना चिकटवून धरते. त्याच वाळूत पाणी भरत राहा. एका क्षणी कण एकमेकांवर टेकण्याऐवजी पाण्यात तरंगू लागतात आणि किल्ला वाहून जातो. मुसळधार पावसाने डोंगराच्या जाड मातीचं हेच होतं. घसरणीची पातळी मुळांच्याही खाली असेल, तर झाडंसुद्धा उभीच्या उभी खाली येतात. यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा माळीणच्या दुर्घटनेत वाटा होता का, यावर तेव्हा बराच वाद झाला. एवढं मात्र कोणीही समजू शकेल: ज्वारीच्या राशीचा पायथा उकरला की शेंड्यावरची ज्वारी खाली येते. आमडे इथे नवं माळीण वसलं, २०१७मध्ये लोक राहायला गेले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात रस्ते आणि भरावाची माती खचली. अशा उतारावर आधी पाण्याला वाट काढून द्यावी लागते. भिंत आणि झाड त्यानंतर.

मग डोंगरावरून निसटलेली माती जाते कुठे? बरीचशी डिंभ्याच्या जलाशयात जाऊन बसते. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी उतरू लागतं, काठची जमीन पट्ट्यापट्ट्याने उघडी पडते. आणि ज्यांची शेतं या पाण्याखाली गेली, त्यांच्यातलेच काही जण त्या ओल्या गाळावर पेरणी करतात.